खेकड्यांच्या माथी फोडलेले खापर

2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले आणि पायथ्याची भेंदवाडी वाहून गेली. वीसहून अधिक माणसे गेली. भराव गळतो आहे, ही तक्रार गावकऱ्यांनी आधीच केलेली होती. तेव्हाचे जलसंधारण मंत्री तानाजी सावंत यांनी मात्र दोष खेकड्यांना दिला. लोक संतापले, खेकडे हातात घेऊन आंदोलने झाली, आणि त्या गदारोळात लहान धरणांविषयीचे आपले जुने समज तसेच राहिले. ते खोडून काढल्याशिवाय पुढचे तिवरे टळणार नाही, असे मला ठामपणे वाटते.

आधी खेकड्यांचेच घेऊ. खेकडे, घुशी, उंदीर मातीच्या भरावात बिळे करतात, हे खरे आहे. पण बीळ एका रात्रीत धरण फोडण्याएवढे होत नाही. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर भरावाची पाहणी करायची असते ती अशी बिळे हुडकून, खणून, चिकणमातीचे थर ठोकून बुजवण्यासाठीच. म्हणजे खेकड्याचे कारण खरे मानले, तरी त्यातून निघतो तो एवढाच निष्कर्ष की कोणी पाहिले नाही, किंवा पाहून काही केले नाही.

‘मातीचे धरण थोडेफार पाझरणारच’ हा दुसरा समज. तो अर्धा खरा असल्यामुळे जास्त घातक आहे. भरावाच्या पोटात काळ्या मातीचा गाभा असतो, त्यावर मुरमाचे आवरण, आणि पायथ्याला झिरपलेले पाणी सुखरूप बाहेर काढणारी दगड-वाळूची गाळणी. त्या गाळणीतून नितळ पाणी सावकाश येत असेल तर भिण्याचे कारण नाही. पण तेच पाणी गढूळ झाले, की भराव आतून धुपू लागला असे समजावे. पाणी माती घेऊन निघते, वाट रुंदावते, रुंद वाटेने आणखी पाणी येते. हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. पाझराचे पाणी काचेच्या बाटलीत भरून तासभर ठेवले आणि तळाशी गाळ बसला, तर वरिष्ठांना फोन करायची वेळ झाली आहे. तलावाची पातळी तेवढीच आणि पाझर मात्र कालच्याहून जास्त, हीसुद्धा तशीच खूण.

यात सर्वांत नाजूक जागा म्हणजे भरावाखालून जाणारा विमोचक, म्हणजे तलावातले पाणी सोडण्याची वाट. त्याच्या कडेने माती नीट दाबली जात नाही आणि पाण्याला तिथेच फट सापडते. पानशेत धरणात विमोचकाचे काम अपुरे असताना पाणी अडवले गेले, त्याच रेषेवर भराव खचत गेला, आणि 12 जुलै 1961 ला धरण फुटून पुण्यावर पूर आला. पुण्याला पानशेत आठवते, पण गावतळ्याच्या विमोचकापाशी गुडघाभर वाढलेले रान काढायला कोणी जात नाही.

‘लहान धरण, लहान धोका’ हा तिसरा समज तर कायद्यातही शिरला आहे. 2021 च्या धरण सुरक्षा अधिनियमात पंधरा मीटरहून उंच धरणे येतात. दहा ते पंधरा मीटरमधली काही अटींवर येतात, उदाहरणार्थ साठा किमान 10 लाख घनमीटर असेल तर. दहा मीटरपर्यंतच्या तलावांना तो लागूच नाही. आता आठ मीटर उंचीचा, दोन लाख घनमीटरांचा एखादा तलाव धरा. त्यात वीस कोटी लिटर पाणी असते, आणि वाडी दोन-तीनशे पावलांवर. धोका ठरतो तो खाली कोण राहते यावरून. भिंतीच्या उंचीवरून वर्ग पाडणारा कायदा त्या वाडीकडे पाहतच नाही. 1972 च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीवर खोदलेल्या कितीतरी पाझर तलावांनी आता पन्नाशी गाठली आहे. अनेक ठिकाणी नळपाणी योजनेची विहीर याच भरावाच्या खालच्या अंगाला असते. तलाव फुटला तर घरांबरोबर ती विहीर गाळाने भरते, पंपघर जाते, आणि उरलेल्या गावाचेही पाणी तुटते.

संशय येताच तलाव रिकामा करावा म्हटले, तर एक आक्षेप मात्र मनापासूनचा आहे आणि तो मी झटकून टाकणार नाही: संशयावरून पाणी सोडले, तर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहायची कोणी? मराठवाड्यात हे दुखणे खरे आहे. तिथे सोडलेले पाणी त्या वर्षी परत येईलच असे नाही. म्हणून तिथे डागडुजी मे महिन्यात, तळ उघडा असतानाच उरकली पाहिजे. कोकणात मात्र हा आक्षेप टिकत नाही. जुलैत रिकामा केलेला तलाव तिथे ऑगस्टात पुन्हा भरतो.

मग करायचे काय? तलावाला गावातलाच राखणदार हवा, मानधनावर नेमलेला. त्याने पावसाळ्यात रोज पातळी आणि पाझर वहीत लिहावा, पाझराखाली बादली धरून ती भरायला लागणारा वेळ टिपावा. भरावावर बाभळी रुजू देऊ नयेत. सांडव्यात मासे अडवायला लावलेली जाळी आणि जास्त पाणी साठावे म्हणून रचलेली वाळूची पोती त्याच दिवशी काढावीत. सांडवा तुंबला की पाणी माथ्यावरून जाते आणि माती ते सोसत नाही. ती वही ग्रामसभेत वाचली जावी आणि शाखा अभियंत्याने दर महिन्याला तिच्यावर सही करावी. आणि विमोचकाची किल्ली तालुक्याच्या कपाटात नको, राखणदाराकडे हवी. तीही लेखी अधिकारासह: गढूळ पाणी दिसताच वाडीला उठवून वर काढायचे आणि दरवाजा उघडायचा, परवानगीची वाट न पाहता.