निकालावर पगार : हा सौदा कोणाच्या जिवावर?

शिक्षकांचा पगार मुलांच्या निकालाच्या मापाने द्यावा, म्हणजे ते अंग मोडून शिकवतील, असा शहाणपणाचा सल्ला पुन्हा ऐकू येऊ लागला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही वेतन व बढती गुणवत्तेशी जोडण्याची भाषा आहे.

सल्ला जुनाच आहे. इंग्लंडात १८६२ साली रॉबर्ट लो यांनी शाळांचे अनुदान, आणि त्यामागोमाग शिक्षकाची भाकरी, मुलांच्या हजेरीवर व वाचन-लेखन-गणिताच्या परीक्षेवर बांधली. मुले पुस्तक न वाचता पाठ म्हणू लागली. शतक संपण्यापूर्वी इंग्लंडने ती पद्धत टाकून दिली.

बाबासाहेबांनी ज्यांना गुरू मानले, त्या जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे बजावले की, ज्यांच्यात विद्येची गोडीच अद्याप उत्पन्न झालेली नाही, अशा लोकांत शिक्षण पसरविण्यास निकालानुसार द्रव्य देण्याची पद्धत योग्य नव्हे. फुल्यांना शिक्षकाच्या आळसाची काळजी नव्हती काय? होती. पगार बारा रुपयांहून कमी नसावा आणि वर उत्तीर्ण मुलांमागे काही आणे उत्तेजनार्थ द्यावेत, हेही त्यांनीच सुचविले. आधी पक्का पगार, मग बक्षीस!

प्रतिपक्ष आंध्र प्रदेशातील ग्रामीण शाळांच्या प्रयोगाचा दाखला देतो. तेथे बक्षिसाने गुण वाढले, हे नाकारणे वकिलास शोभणार नाही. परंतु तेथे पगारास हात लावला नव्हता, आणि मोजली होती ती मुलांची प्रगती. हा फरक गाळून दाखला देणे ही मखलाशी होय.

घरात पहिलीच पाटी ज्याच्या हाती आली, आईबापांबरोबर ऊसतोडीला जाऊन ज्याची शाळा बुडाली, तो मुलगा निकालाच्या हिशेबात तोटा ठरतो. त्याला परीक्षेच्या दिवशी घरी ठेवा, असे कोणी सांगावे लागणार नाही. जन्मावरून बुद्धी ठरविणारा धर्म आपण सोडला. तोच हिशेब पगारपत्रकाच्या वाटेने वर्गात शिरू द्यावा काय?

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २१ प्रमाणे सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक हवेत, आणि त्यांत वंचित व दुर्बल घटकांच्या पालकांना प्रमाणशीर जागा आहेत. दीक्षित कुटुंबांनी त्या जागा मागून घ्याव्यात. शिक्षकाचा निकाल विचारण्याआधी तेथे लेखी विचारावे : शाळेत किती पदे रिकामी आहेत? आणि जनगणना, आपत्ती व निवडणूक सोडून, कलम २७ ने मना केलेल्या कोणत्या कामांवर गुरुजींना किती दिवस राबविले?