कल्पित भाषेचा भूतकाळ

अद्भुतरम्य कादंबरीतील कल्पित भाषा ही केवळ सजावट होय, असे गृहीत धरून समीक्षा तिची बोळवण परिशिष्टात करते. हे गृहीतकच भ्रामक आहे. जे. आर. आर. टॉल्किन हे पेशाने भाषाभ्यासक. त्यांनी एल्फ लोकांसाठी क्वेन्या आणि सिंदारिन या भाषा रचल्या. पहिलीवर फिनिशचा, दुसरीवर वेल्शचा ठसा आहे. मात्र त्यांनी नुसते शब्द जमवले नाहीत, ध्वनिपरिवर्तनाचे नियम घडवले. एकाच धातूपासून ‘शब्द’ या अर्थी क्वेन्यात ‘क्वेत्ता’, तर सिंदारिनमध्ये ‘पेथ’ हे रूप सिद्ध होते.

त्यांच्या मृत्यूनंतर, १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेले एक टिपण याहून बोलके आहे. क्वेन्यातील घर्षक ‘थ’चा ‘स’ होऊ लागला, तेव्हा फेआनोरने तो बदल धुडकावला. कारण त्याच्या दिवंगत आईच्या नावात तो ‘थ’ होता. राजघराण्यातील सावत्रपणाचे वैर असे उच्चारात उतरले. इतिहास येथे भाषेला मागाहून चिकटवलेला नाही. ध्वनीच कलहाचा साक्षीदार आहे.

अनुकरण करणारे मात्र अपरिचित नावांची उतरंड रचून तिलाच प्राचीन संस्कृती म्हणतात. ज्या भाषेत काही झिजले नाही, जिच्यावरून कोणी भांडले नाही, तिला भूतकाळ नसतो. आणि भूतकाळ नसलेल्या संस्कृतीचा ऱ्हास शोकात्म ठरू शकत नाही. परिशिष्ट वगळून वाचणारी समीक्षा नेमका हा शोकच वगळते.