पासवर्ड साहेबांचा, हात दुसऱ्याचा

अर्जुनी मोरगाव : धान विकायचा तर ऑनलाइन नोंदणी. बोनस पाहिजे तर खातं आधारला जोडलेलं. नुकसानीची मदत यायची तर ई-केवायसी. त्यात 15 एप्रिल 2025 पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांकही लागतो. म्हणजे केशोरी असो की नवेगावबांध, आपली जमीन, आधार, खातं सगळं कोणत्या ना कोणत्या डेटाबेसमध्ये जाऊन बसलं आहे. डेटाबेस म्हणजे कॉम्प्युटरमधलं मोठं रजिस्टर, अन् त्याचं कुलूप म्हणजे पासवर्ड.

हे कुलूप कधीकधी बनवतानाच खराब निघते. जून 2012 मध्ये मायएसक्यूएल अन् मारियाडीबी या जगभर चालणाऱ्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये असाच दोष उघड झाला. काही आवृत्त्यांमध्ये चुकीचा पासवर्ड टाकत राहिलं, तर साधारण 256 वेळांत एकदा दार उघडत होतं! मशीन टाकलेला पासवर्ड खऱ्याशी ताडून पाहायची, पण फरकाच्या आकड्याचा शेवटचाच भाग धरायची. समजा धान मोजायच्या काट्यावर शेवटचे दोनच आकडे दिसतात. मग फरक 300 चा असला तरी काटा दाखवेल 00. तसंच ते. माणसाला 256 वेळा टाइप करायला कंटाळा येईल, कॉम्प्युटरला तेवढं काम म्हणजे डोळ्याची पापणी लवण्यासारखं. दोष दुरुस्त झाला, पण ज्यांनी सॉफ्टवेअर अपडेट केलंच नाही त्यांचं दार तसंच राहिलं.

आणखी एक गोष्ट समजून घ्यावी. चांगल्या डेटाबेसमध्ये पासवर्ड जसाच्या तसा ठेवत नाहीत. आपण धान गिरणीत टाकतो, तसं त्याचं रूप बदलून ठेवतात. तांदळाचा परत धान होत नाही. लॉगिन करताना आपण टाकलेला पासवर्ड पुन्हा त्याच गिरणीतून काढून तांदळाला तांदूळ लावून पाहतात. म्हणून ‘पासवर्ड विसरलो’ म्हटल्यावर एखादी वेबसाइट जुनाच पासवर्ड मेसेजवर पाठवत असेल, तर समजा तिथं धान उघड्यावर पडला आहे.

पण आपल्या राज्यात गाजलेली प्रकरणं पाहिली, तर कुलूप तोडायची गरजच पडलेली दिसत नाही. जालना जिल्ह्यात अंबड अन् घनसावंगी तालुक्यांत अतिवृष्टीच्या अनुदानात सुमारे 25 कोटींचा घोटाळा निघाला. तहसीलदारांचे लॉगिन-पासवर्ड खालच्यांच्या हातात होते, हे चौकशीतून पुढं आलं. बोगस नावं चढली, पैसे गेले, अनेक महसूल कर्मचारी निलंबित झाले. दुसरं प्रकरण यवतमाळचं. आर्णी तालुक्यातल्या शेंदुरसनी गावची लोकसंख्या जेमतेम दीड हजार. तिथल्या ग्रामपंचायतीच्या लॉगिनवर 2025 मध्ये तीन महिन्यांत 27 हजारांवर जन्मनोंदी झाल्या. विशेष तपास पथक नेमावं लागलं.

दोन्हीकडं मशीनने आपलं काम बरोबरच केलं. पासवर्ड बरोबर होता, म्हणून आत सोडलं. कोणाचा हात आहे, हे मशीनला काय माहीत? साहेबांकडं तीन-चार कामांचा भार, नेट कधी येते कधी जाते, मग ‘तूच टाकून घे’ म्हणत पासवर्ड ऑपरेटरला दिला जातो. अडचण खरी आहे, हे मान्य. पण ज्याच्या नावाने मंजुरी जाते त्याने पडदा पाहिलाच नसेल, तर ती सही कशाची?

आपल्याकडं तरी वेगळं काय? सेतू केंद्रात बसल्या बसल्या पासवर्ड ऑपरेटरच ठरवतो, अन् बहुतेक तो नाव अन् जन्मसालच असते. शंभर शेतकऱ्यांचे पासवर्ड एकाच वहीत. मोबाइल नंबरही कधी दुकानदाराचाच टाकलेला, म्हणजे ओटीपी त्याच्याकडं. तेवढा नंबर तरी आपला करून घ्या. ओटीपी सांगण्याआधी मेसेज पूर्ण वाचा, कशासाठी आला ते त्यात लिहिलेलं असते. पैसे गेलेच तर लगेच 1930 वर फोन करा.

बाकी काम कार्यालयांचं आहे. तालुक्यात मंजुरीचे लॉगिन किती, बदली झालेल्यांचे बंद केले का, एका लॉगिनवरून एका दिवसात किती नोंदी होतात हे कोण पाहते, एवढी माहिती ग्रामसभेत मागायला हरकत नाही. शेंदुरसनीत असा आकडा पहिल्याच आठवड्यात कोणी पाहिला असता, तर 27 हजारांपर्यंत गेलाच नसता.