खुली सोडत आणि प्रवेशाची अट

संगणकीय खेळांच्या प्रती आंतरजालावर सोडत काढून विनामूल्य वाटल्या जातात. अशा सोडतीतील प्रवेशावर अटी घालणे न्याय्य आहे काय, याचा विचार आपण येथे करू.

देणारा स्वतःची वस्तू देतो. ती कोणास द्यावी हे त्यानेच ठरवावे, असा युक्तिवाद केला जातो. दानापुरता तो मान्य करावा लागेल. सोडतीत मात्र देणारा निवड दैवावर सोपवतो आणि सहभागी होणाऱ्यांना समान संधीचे वचन देतो. म्हणून प्रत्येक अट या संधीचे रक्षण करते काय, हे पाहिले पाहिजे.

एकाच व्यक्तीने शंभर बनावट खात्यांतून नावे नोंदवली, तर इतरांची संधी नाममात्र उरते. तेव्हा ‘एका व्यक्तीस एकच नोंद’ ही अट न्याय्यच होय. ‘स्टीम’ या खेळविक्रीच्या व्यासपीठाने २०१५ पासून किमान ५ डॉलर खर्च न केलेल्या खात्यांच्या सुविधा मर्यादित केल्या, त्या फसवणुकीला आळा घालण्यासाठी. परंतु हाच निकष सोडतीला लावला, तर ज्याला खेळ विकत घेणे परवडत नाही, नेमका तोच वगळला जातो. खाते किती जुने आहे, त्यावरून किती तास खेळले गेले, हे पाहूनही खरेपणा पारखता येतो.

मुक्त शिक्षणालाही नियम असतात, हे आपण जाणताच. प्रश्न नियम असण्याचा नाही. तो आधी जाहीर केलेला असावा आणि त्याने प्रामाणिकपणा तपासावा, ऐपत नव्हे.