सुताहून कमी अंतर

मोटारीच्या इंजिनाचा जोर वाढवावयाचा म्हटलें कीं हौशी तरुणांची दृष्टि प्रथम कॅमशाफ्टकडे वळते. झडप, म्हणजे व्हॉल्व्ह, केव्हां व किती उघडावयाची हें त्यावरील उंचवटे ठरवितात. उंचवटा वाढविला कीं झडप अधिक उघडते, अधिक वेळ उघडी राहते आणि मोठ्या वेगांतहि सिलिंडर चांगलें भरतें. अमेरिकेंत १९५५ सालीं निघालेल्या शेव्रोलेच्या आठ सिलिंडरांच्या इंजिनावर हे प्रयोग आजहि चालतात. त्यांत रॉकरचें प्रमाण दीडपट, उंचवटा ०.३०० इंच असला तर झडप ०.४५० इंच उतरते.

हा मोठा आंकडा पाहून झडप पिस्टनवर आदळेल कीं नाहीं याचा निर्णय करणें चुकीचें होय. झडप पूर्ण उघडते तेव्हां पिस्टन बराच खालीं गेलेला असतो. खरें भय संधिकालाचें. निकासाची धाव संपतांना पिस्टन माथ्यावर येतो. त्या वेळीं निकासाची झडप मिटत असते, आगमाची उघडूं लागलेली असते. माथ्याच्या सुमारें दहा अंश आधीं पिस्टन निकासाच्या झडपेचा पाठलाग करतो. माथ्यानंतर तितक्याच अंशांवर आगमाची झडप पिस्टनचा! म्हणून कमी उंचीचा, पण झडप दीर्घकाळ उघडी ठेवणारा कॅमशाफ्टहि घातक ठरूं शकतो. हेड घासलें असेल तर अंतर आणखी घटतें.

अनुमानापेक्षां प्रत्यक्ष बरें. पिस्टनच्या माथ्यावर मुलांच्या खेळण्यांतली मऊ माती थापावी, झडपांना तेल लावावें, हेड आवळावें आणि क्रँक हातानें पुरे दोन फेरे फिरवावा; कारण कॅमशाफ्टचा एक फेरा क्रँकच्या दोन फेऱ्यांनीं होतो. मध्येंच अडल्यास जोर करूं नये. तेलावर चालणारे टॅपेट असतील तर तपासणीपुरते भरीव घालावेत. तेलाचे दबतात आणि अंतर खोटेंच अधिक दिसतें. मग हेड उतरवून माती सुरीनें कापावी व सर्वांत पातळ जागा मोजावी. आगमाकडे निदान ०.०८० इंच आणि निकासाकडे ०.१०० इंच असावें, असा रूढ दंडक आहे. दोन्ही सुताहून कमीच! निकासाची झडप तापून लांबते, आणि अतिवेगांत स्प्रिंग अपुरी पडून ती रेंगाळली तर पिस्टन तिला गांठतो. म्हणून तिकडे जास्त. वाकलेल्या झडपेसोबत पुष्कळदां पिस्टनहि जातो.

अंतर अपुरें भरल्यास पिस्टनच्या माथ्यांत खांचा कोरतात. मात्र खालीं धातूची जाडी पुरेशी उरली पाहिजे. ०.४५० चा तो आंकडा उपयोगीं पडतो तो स्प्रिंगेसाठीं: झडप तितकी उतरली असतां स्प्रिंगेचे वेढे एकमेकांस टेकतां कामा नयेत.