आधी सुरीला धार, मग बंदूक

मार्च उजाडला की आमच्या मिसुरीत टर्कीच्या शिकारीच्या गप्पा सुरू होतात. अमेरिकेच्या मधोमध असलेल्या या राज्यात वसंतातला हंगाम एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास उघडतो. जुम्याच्या नमाजनंतर दोन-चार तरुण हमखास गाठतात आणि विचारतात, "चाचा, कुठली शॉटगन घेऊ?" मी एखाद्या कंपनीचं नाव सांगावं अशी त्यांची अपेक्षा असते. मी उलट विचारतो, "मारणार किती अंतरावरून?" बहुतेकांनी याचा विचारच केलेला नसतो. माझं मत असं की शॉटगनची निवड अंतरापासून सुरू व्हावी, ताकदीपासून नव्हे.

महाराष्ट्रातल्या वाचकांना हा विषयच विचित्र वाटेल. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार जवळजवळ संपली, आणि ते योग्यच झालं. इथला इतिहास वेगळा आहे. बेसुमार शिकार आणि जंगलतोड यांमुळे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जंगली टर्की बहुतेक राज्यांतून दिसेनाशी होऊ लागली होती. १९३७ साली अमेरिकेने कायदा करून बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीव संवर्धनाकडे वळवला. पक्षी पकडून नव्या जंगलांत सोडण्यात आले. मिसुरीत वसंतातली शिकार पुन्हा सुरू झाली ती १९६०मध्ये. म्हणजे आज हाती पडणारा परवाना आयता मिळालेला नाही. त्याच्यासोबत जबाबदारीही येते.

आता बंदुकीकडे वळू. टर्कीचं अंग मोठं आणि पिसारा दाट. अंगात छर्रे घुसले तरी ती उडून जाते आणि कुठेतरी झुडपात तडफडून मरते. म्हणून नेम धरायचा तो डोक्यावर आणि मानेवर. लक्ष्य एवढंसंच असतं, आणि तेही सारखं हलतं. एक छर्रा तिथे लागेल या भरवशावर राहता येत नाही, पुष्कळ छर्रे एकवटून तिथे पोहोचावे लागतात. ते काम चोक करतो. नळीच्या तोंडाशी बसवलेला हा अरुंद भाग छर्र्यांना लवकर पांगू देत नाही. टर्कीसाठी फार आवळलेला चोक वापरतात.

पण प्रत्येक नळीचा स्वभाव निराळा. एकच काडतूस एका बंदुकीतून दाट फेर देतं, तर दुसरीतून विरळ. हे दुकानदाराला सांगता येत नाही, खोक्यावर छापलेलं नसतं. त्यासाठी मोठा कागद लावून २०, ३० आणि ४० यार्डांवरून मारून पाहावं लागतं. मग कागदावर १० इंच व्यासाचं वर्तुळ काढून आतली भोकं मोजायची. शिशाच्या छर्र्यांसाठी जुना ठोकताळा असा की या वर्तुळात किमान १०० भोकं हवीत. ज्या अंतरावर आकडा त्याखाली येतो, तिथे तुमची बंदूक संपली. पक्षी त्यापलीकडे असेल तर बोट चापावर नेऊ नये.

या कसोटीला लावून पाहिलं की साडेतीन इंची मॅग्नम काडतुसाचा रुबाब उतरतो. त्याचा धक्का असा की दोन बार काढल्यावर माणूस चाप ओढायच्या आधीच डोळे मिटू लागतो. आणि सरावात खांदा दुखला की कागदावरची तपासणी टळतेच. नवख्याला मी वीस बोअरची किंवा साधी तीन इंची काडतुसं घेणारी बारा बोअरची पंप बंदूक सुचवतो. ती खांद्याला नीट बसली पाहिजे. दस्त्यावर गाल टेकला की माशी सहज दिसली पाहिजे. पैसे उरले तर ते तपासणीच्या काडतुसांवर खर्च करावेत.

टंगस्टनच्या छर्र्यांचं काय, असं पुढे विचारलं जातं. टंगस्टनचे हे छर्रे शिशापेक्षा दीडपटीहून जड असतात. त्यामुळे नऊ नंबरचा बारीक छर्राही खोल जातो आणि एका काडतुसात खूप जास्त छर्रे मावतात. हलकी बंदूक वापरणाऱ्यांना आणि मुलांना याचा खरा फायदा झाला, हे मान्य. काडतुसं फार महाग आहेत, तीही तक्रार बाजूला ठेवू. माझा आक्षेप त्यामुळे सुटणाऱ्या मोहाला आहे. ६० यार्डांवरून पाडल्याच्या फुशारक्या वाढल्या आहेत. एवढ्या लांबून अंतराचा अंदाज चुकतो, मध्ये आलेली फांदी दिसत नाही, आणि पक्षी जखमी होऊन गेला तर ते कळतही नाही. उलट १० यार्डांवर आवळलेल्या चोकचा फेर मुठीएवढाच असतो, तिथे नेम सहज चुकतो. म्हणून जवळचा बारही कागदावर मारून पाहावा.

आपल्या वाचकांच्या मनातला खरा प्रश्न हलालचा आहे. मी मुफ्ती नाही. शिकारीला परवानगी आहे, पण छर्र्याने मेलेल्या पक्ष्याबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत. हनफी परंपरेतले अनेक विद्वान म्हणतात की पक्षी जिवंत हाती लागून जबह झाला तरच हलाल. काही विद्वान अंगात घुसणाऱ्या छर्र्याला बाणासारखं मानतात. आपण कोणाचं ऐकणार, हे जंगलात जाण्याआधी ठरवावं.

इथे एक युक्तिवाद मी वारंवार ऐकतो. पक्षी मरू नये, फक्त पडावा, म्हणून मुद्दाम थोडं लांबून किंवा अंगावर मारायचं आणि मग सुरी चालवायची. याला माझा ठाम विरोध आहे. बकरी ईदच्या आधी आपल्या घरांत सुऱ्यांना धार लावतात, तीही जनावराच्या नजरेआड. जिवाला कमीत कमी त्रास व्हावा, हाच त्यामागचा अर्थ. बोथट सुरी जर आपल्याला चालत नाही, तर मुद्दाम केलेला बोथट बार कसा चालेल? बार टाकायचा तो डोक्यावर, जीव जाईल असाच. मग बंदूक सुरक्षित करून लगेच जवळ जायचं. जीव असेल तर जबह करायचं. नसेल आणि आपल्या उलेमांच्या मते तो पक्षी हलाल ठरत नसेल, तर ती शिकार आपल्यासाठी नाही. टर्की खायचीच असेल तर ती हलाल कसायाकडे मिळते.

म्हणून तरुणांना माझं सांगणं एवढंच. बंदूक घ्या, पण पहिला महिना तिला जंगल दाखवू नका. कागद लावा, भोकं मोजा आणि जो आकडा येईल तो प्रामाणिकपणे लिहून ठेवा. माझ्या वीस बोअरचा आकडा ३५ यार्ड आहे. छत्तिसाव्या यार्डावर उभा असलेला नर कितीही देखणा असला, तरी तो माझा नाही.