फुकटातला मध

रूममेटने परवा फ्रिजच्या दारावर लाइटबिल चिकटवलं आणि लाल पेनाने त्यावर भलं मोठं प्रश्नचिन्ह काढलं. १,८४० रुपये! दोघीही दिवसभर ऑफिसात, घरात एसी नाही, टीव्ही नाही. (गीझर आहे. तो कोण चालू ठेवून विसरतं, यावर आमच्यात दोन मतं आहेत.) फ्रिजच्या डोक्यावर मामांनी दिलेली मधाची बाटली होती. ‘ही बघ, ही तर फुकट आली ना!’ असं म्हणून मी विषय बदलायला गेले आणि मलाच कसंतरी झालं. कारण ती बाटली कशी भरते, ते मी डिसेंबरात डोळ्यांनी बघून आले होते.

मी परभणीची. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे पुण्यात प्रत्येक नव्या ऑफिसात कुणीतरी मला ऐकवतंच आणि दर वेळी त्याला वाटतं, हा जोक आपणच पहिल्यांदा मारतोय. तर मामांचं शेत गंगाखेड रोडला. कापूस, सोयाबीन, तूर, रब्बीत हरभरा आणि हौसेपुरती करडई. तीन वर्षांपूर्वी त्यांनी बांधावर मधमाश्यांच्या दहा पेट्या आणून ठेवल्या. घरात सगळ्यांनी वेड्यात काढलं. मीसुद्धा, फॅमिली ग्रुपवर हसणारी इमोजी टाकून.

डिसेंबरात सकाळी ट्रॅव्हल्समधून उतरले तेव्हा दात वाजत होते. परभणीचा उन्हाळाच फेमस आहे, पण हिवाळ्यात तिथला पारा एक आकडी होतो हे पुणेकरांना सांगूनही पटत नाही. शेतावर गेले तर मामा एका पेटीसमोर उकिडवे बसलेले. पुढ्यात मेलेल्या माश्यांचा सडा. काही पूर्ण मेल्याही नव्हत्या, एकाच जागी गरगर फिरत होत्या.

‘काल शेजारी तुरीवर फवारा झाला,’ मामा म्हणाले. बस्स, एवढंच.

तूर फुलात आली की शेंगा पोखरणारी अळी येते आणि अळी आली की फवारणी आलीच. माश्या त्याच फुलांवर असतात, तेही ऊन तापल्यावर, सकाळी उशिरापासून दुपारपर्यंत. म्हणून फवारा संध्याकाळी मारावा, माश्या पेटीत परतल्यावर, हे पुस्तकातलं उत्तर. शेजारच्या काकांनी मारला सकाळी अकराला. मी तावातावाने म्हटलं, ‘मामा, मग भांडायचं ना!’

‘त्याचंही ऐक की माय. या हप्त्यात लाइट रातची हाय. रातभर हरभऱ्याला पाणी देतो, पहाटं येऊन निजतो, उठला की फवारतो. संध्याकाळी पुन्हा मोटारीची तयारी. त्यानं फवारावं कधी?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपल्याकडे लाइट म्हणजे बटण. शेतीपंपाची लाइट म्हणजे थ्री फेज, आणि ती पाळीपाळीने येते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. सगळे पंप एकदम चालू झाले तर यंत्रणेला झेपायचं नाही आणि शहरं-कारखाने दिवसा वीज ओढतात, म्हणून ही वाटणी. कुडकुडत, बॅटरीच्या उजेडात, साप-विंचू बघत दारं धरायची. दिवसा वीज मिळावी म्हणून सरकारने २०२३ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेची दुसरी आवृत्ती आणली. सौर प्रकल्पांतून थेट शेतीच्या फीडरला वीज द्यायची. काकांच्या विहिरीपर्यंत ती पाळी अजून यायची आहे.

‘पण त्यांना वीज फुकट आहे ना?’ हा माझा पुढचा प्रश्न. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये सगळ्यात हिट असलेलं वाक्य.

हो, आहे. एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना बिल माफ, मार्च २०२९ पर्यंत. लाभार्थी सुमारे ४४ लाख, आणि सरकारने धरलेला खर्च वर्षाला १४,७६० कोटी रुपये. मोबाइलवर भागाकार केला, एका पंपामागे वर्षाला ३३ हजारांच्या वर. हे पैसे राज्याच्या तिजोरीतून महावितरणला जातात, म्हणजे तुमच्या-माझ्या टॅक्समधून. शिवाय शेतीचा दर आधीपासूनच कमी ठेवलेला आणि ती तूट उद्योग आणि व्यापारी ग्राहकांच्या चढ्या दरातून भरायची पद्धत जुनी. म्हणजे आपल्या ऑफिसात जो एसी अठरावर ठेवून सगळे जॅकेट घालून बसतात ना, तो काकांच्या मोटारीला थोडा हातभार लावत असतो! घरच्या बिलावर वापरलेल्या युनिटांशिवाय स्थिर आकार, वहन आकार आणि वर १६ टक्के वीज शुल्क. त्या प्रश्नचिन्हाचं अर्धं उत्तर तिथे होतं. उरलेलं अर्धं गीझर.

मला स्वतःला या पैशांचा राग येत नाही. शेताच्या कडेच्या एकट्या विहिरीपर्यंत खांब टाकून वायर ओढायची, हे नफ्याच्या हिशोबात कधीच बसलं नसतं. ते काम १९६० साली स्थापन झालेल्या राज्य वीज मंडळाने केलं. २००५ मध्ये मंडळाच्या कंपन्या झाल्या, पण मालकी सरकारचीच राहिली. खासगीचे प्रयोग झाले. भिवंडीत २००७ पासून टोरंट पॉवर वितरण बघते. तेव्हाच्या औरंगाबादेत २०११ मध्ये जीटीएलला दिलेलं काम २०१४ मध्ये परत घ्यावं लागलं. आणि जानेवारी २०२३ मध्ये समांतर परवान्याच्या विरोधात वीज कर्मचारी संपावर गेले, ते अनेकांना आठवत असेल.

मला खटकतं ते वेगळंच. अनेक पंपांना मीटरच नाही. किती एचपीची मोटर, त्यावरून अंदाज. त्या अंदाजात किती पाणी उपसलं, किती गळती आणि किती आकडे टाकून चोरलेली वीज, हे वेगळं करता येत नाही. शाळेत असताना भारनियमनाची त्याचीच शिक्षा आम्ही भोगली. ज्या फीडरवर गळती आणि थकबाकी जास्त, तिथे अंधार जास्त. बिल वेळेवर भरणारी माझी आई याच्यावर जे बोलायची, ते इथे छापता येणार नाही. २०१३ च्या दुष्काळात तर परळीचं औष्णिक केंद्रच पाण्याअभावी बंद पडलं होतं. वीज बनवायलाही पाणी लागतं, हे मला तेव्हा कळलं.

तर, मोजमाप. मामांची दुखरी नस तीच.

मामांकडच्या माश्या मेलिफेरा जातीच्या, म्हणजे मूळ युरोपातल्या. आपली सातेरीही पेटीत राहते, पण मध कमी देते. आग्या माशी पेटीत येतच नाही, ती उंच झाडावर किंवा पाण्याच्या टाकीखालीच बरी. पेटीत अंडी-अळ्यांजवळ पस्तीस अंशांच्या आसपास तापमान लागतं. परभणीच्या मे महिन्यात ते राखायला कामकरी माश्या पाणी आणून पेटीत शिंपडतात आणि दारात उभ्या राहून पंखांनी वारा घालतात. (नैसर्गिक कूलर, लाइटबिल शून्य.) मामा पेट्यांवर ओली गोणपाटं टाकतात, पायांखाली मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्या ठेवतात. मेणकिडा, गांधीलमाशी, वेडा राघू हे पाहुणे वेगळेच. आणि सगळ्यात मोठी अडचण, खायला फुलं नाहीत! पूर्वी मराठवाड्यात सूर्यफूल, करडई भरपूर असायची. परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या करडईच्या वाणाचं नावच ‘परभणी कुसुम’. आता सोयाबीन आणि त्यामागे हरभरा. हरभऱ्याच्या फुलात माशीला फारसं काही मिळत नाही. मग टंचाईच्या दिवसांत साखरेचा पाक करून पाजायचा. सरकारच्या मध केंद्र योजनेत पेट्यांना निम्मं अनुदान मिळतं, हमीभावाने मधाची खरेदीही होते. पण फवाऱ्याने पेटी बसली की पुढचं सगळं ज्याचं त्याने बघायचं. मामांच्या दहापैकी तीन बसल्या.

‘मध म्हणजे वरकमाई,’ मामा म्हणाले. ‘खरं काम तुरीवर, करडईवर. त्याच्या फुलावर माझ्याच माश्या जात्यात की. त्याचं बिल कोणाला लावू?’

काकांच्या ओट्यावर चहाला गेलो तेव्हा मी भांडायच्या तयारीनेच गेले होते. काकांचे डोळे जागरणाने लाल. मामांनी मेलेल्या माश्यांचं नावही काढलं नाही. आधी हरभऱ्याचं विचारलं, मग डीपीचं, मग काकांच्या मुलाच्या पोलीस भरतीचं. निघताना फक्त म्हणाले, ‘फवारायचं असलं की आदल्या रात्री एक फोन करत जा.’ काका चपापले, म्हणाले, ‘मला बोलला असतास आधी.’ रात्रीच पेटीचं दार बंद करून वर ओलं गोणपाट टाकलं की माश्या फवाऱ्यातून वाचतात. त्यांचा कामाचा एक दिवस बुडतो आणि त्या चिडतात, ते वेगळं.

निघताना मामींनी बाटली पिशवीत कोंबली. मी किंमत विचारली. मामांनी बोटांवर धरलं. साखर, पेट्यांची डागडुजी, परभणीच्या फेऱ्यांचं पेट्रोल, बसलेल्या तीन पेट्या. मग विचारलं, ‘माझी मजुरी धरू का?’ मामी आतून ओरडल्या, ‘भाचीला हिशोब सांगतात होय?’ आकडा राहूनच गेला.

त्या लाल प्रश्नचिन्हानंतर मी अंदाजानेच सहाशे रुपये मामांना जीपे केले. मिनिटभरात परत आले. काल रात्री त्यांचा मेसेज होता : ‘हरभऱ्यावर घाटेअळी. तो उद्या फवारतोय. सातही पेट्या झाकल्या.’